समुद्राविना बेट : बरकतपुऱ्याचा पूर आणि गोव्यातील बेटांसाठी धडा

दिवाडी, चोडण, सांत इस्तेव, कुंभारजुवे, वांशी ही नावे उच्चारली की गोमंतकीयाच्या डोळ्यांपुढे फेरीबोट, खारफुटी आणि बांधाआडची हिरवी शेते उभी राहतात. या बेटांना चहूबाजूंनी पाणी असल्याने पुराचा धोका त्यांच्या पाचवीलाच पुजलेला आहे, असे आपण गृहीत धरतो. पाणी नदीतून येणार, समुद्रातून येणार किंवा आभाळातून कोसळणार, आणि बेटाला पळून जायला जागा नाही, असा हा साधा समज आहे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पुराचे मूळ कारण समजून घ्यायचे असेल तर ज्या ठिकाणी समुद्र नाही, घाट नाही आणि गोव्याच्या तुलनेत पाऊसही जेमतेम पाव हिस्सा पडतो, अशा एखाद्या जागेकडे पाहावे लागते.

अशी एक जागा म्हणजे हैदराबाद शहरातील बरकतपुरा. ‘बरकत’ म्हणजे भरभराट. काचीगुडा, नारायणगुडा आणि नल्लाकुंटा यांच्या मधोमध वसलेला हा जुना निवासी भाग आहे. या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. शिक्षण, नोकरी आणि व्यापार यांसाठी मराठवाड्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या या शहरात येत राहिली. मराठी समाजाने उभारलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था येथे १९०७ मध्ये सुरू झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी या शहराने आपल्या इतिहासातील सर्वांत भीषण पूर पाहिला.

उष्ण कटिबंधातील बेटांवर एवढा पाऊस का पडतो?

आधी बेटांचे सर्वसाधारण शास्त्र पाहू. उष्ण कटिबंधातील समुद्राचे पाणी उबदार असते. त्यावरची हवा बाष्पाने जड झालेली असते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अशी बाष्पाने भरलेली हवा बेटावरील डोंगराला अडली की वर चढते, वर गेल्यावर थंड होते आणि धरून ठेवलेले पाणी सोडून देते. त्यात चक्रीवादळाची भर पडली की पावसाचे आकडे कल्पनेपलीकडे जातात.

हिंदी महासागरातील रेयुनियों हे बेट याचे ठळक उदाहरण आहे. जानेवारी १९६६ मध्ये ‘डेनिस’ चक्रीवादळाच्या वेळी तेथील फॉक-फॉक या ठिकाणी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एका दिवसातील पावसाचा हा जागतिक विक्रम आहे. गोव्यात वर्षभरात सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या वर्षाच्या निम्म्याहून अधिक पाऊस तेथे एका दिवसात पडला. हवाई बेटसमूहातील कौआई बेटावर एप्रिल २०१८ मध्ये २४ तासांत १,२६२ मिलिमीटर पाऊस झाला. तो अमेरिकेतील विक्रम ठरला.

बेटावर पुराची तीव्रता वाढवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे नद्यांची लांबी. बेटावरील नदी आखूड आणि उताराची असते. डोंगरमाथ्यावर पडलेले पाणी काही तासांतच किनारी पोहोचते, त्यामुळे सावध व्हायला वेळ मिळत नाही. दुसरी गोष्ट भरतीची. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर नदीचे मुख जणू बंद होते. वरून येणारे पाणी खाली जाऊ शकत नाही आणि ते आडवे पसरते.

गोवा हे बेट नसले तरी या दोन्ही बाबतींत बेटासारखेच आहे. सह्याद्री ही आपली बाष्प अडवणारी भिंत आहे. मांडवीची उगमापासून समुद्रापर्यंतची लांबी ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. भरतीचा प्रभाव मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांत खूप आतपर्यंत जाणवतो. म्हणून बेटांचे शास्त्र केवळ दिवाडी-चोडणला नव्हे, तर गोव्याच्या बऱ्याच मोठ्या भागाला लागू पडते.

मुंबई : सात बेटांनी विसरलेले पाणी

मराठी वाचकाच्या स्मरणातील बेटावरचा सर्वांत मोठा पाऊस म्हणजे २६ जुलै २००५ चा. सांताक्रूझ येथे त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर पाऊस झाला. एकाच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात, एवढा फरक! ‘शहरात किती पाऊस झाला?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते, हा त्या दिवसाचा पहिला धडा होता.

दुसरा धडा अधिक कडू होता. मुंबई ही मूळची सात बेटे. त्यांच्यामधल्या खाड्या बुजवून एकसंध शहर उभे राहिले. बुजवलेली जमीन सखल राहिली आणि पाण्याच्या जुन्या वाटा नाहीशा झाल्या. शहराच्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने या आपत्तीची चिकित्सा केली, तेव्हा पावसाइतकेच लक्ष मिठी नदीच्या आक्रसलेल्या पात्राकडे आणि समुद्रात पाणी सोडणाऱ्या मुखांकडे वेधले गेले. बहुतेक मुखे उच्च भरतीच्या पातळीपेक्षा खाली होती. भरतीच्या काळात शहरातले पाणी समुद्रात जाण्याऐवजी वाहिन्यांतच अडून राहत होते.

येथवर पुराची तीन कारणे दिसतात : समुद्र, डोंगर आणि पाण्याच्या वाटेतील अडथळा. आता यातील पहिली दोन बाजूला काढून पाहू.

बरकतपुरा : समुद्र नाही, घाट नाही

हैदराबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून अधिक उंचीवर वसले आहे. बंगालचा उपसागर येथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. वर्षभराचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास. एवढा पाऊस गोव्यात जुलैच्या एका महिन्यात सहज पडतो. गोमंतकीय माणूस हैदराबादेत राहायला गेला तर पहिल्या वर्षी त्याला पावसाळा आला आणि गेला हे कळतही नाही.

तरीही २४ ऑगस्ट २००० रोजी संपलेल्या २४ तासांत बेगमपेठ वेधशाळेत २४१.५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि शहर ठप्प झाले. वर्षाच्या पावसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका दिवसात पडला होता. १३ ऑक्टोबर २०२० रोजी याच वेधशाळेने सुमारे १९२ मिलिमीटर पाऊस नोंदवला. ऑक्टोबर महिन्यातील एका दिवसाचा तो विक्रम होता. शहराच्या पूर्वेकडील घटकेसर भागात तर तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तेलंगणात डझनावारी माणसे दगावली. हजारो घरांत पाणी शिरले. काही वस्त्यांतून लोकांना होड्यांतून बाहेर काढावे लागले.

हा पाऊस आला कोठून? बंगालच्या उपसागरात तयार झालेला खोल कमी दाबाचा पट्टा १३ ऑक्टोबरच्या सकाळी काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आला, तेलंगणा ओलांडून सोलापूर-पंढरपूरला झोडपत महाराष्ट्रातून पुढे सरकला आणि अरबी समुद्रात उतरला. म्हणजे समुद्र तीनशे किलोमीटर दूर असला तरी समुद्राचे पाणी आभाळवाटेने पठारावर येतच असते. समुद्र नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हे बरकतपुऱ्याने दाखवले.

आकड्यांचा अर्थ नीट लागावा म्हणून एक साधा हिशेब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका चौरस किलोमीटरवर २४१.५ मिलिमीटर पाऊस पडला तर २४ कोटी लिटरहून अधिक पाणी जमा होते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर चोवीस हजार टँकर! एका मध्यम वस्तीवर एका दिवसात एवढे पाणी ओतले जाते. मोकळ्या मातीत त्यातला मोठा भाग मुरतो, तळ्यात साठतो. डांबर, काँक्रीट आणि छपरे यांवरून मात्र जवळजवळ सर्वच पाणी वाहून जाते, आणि तेही लगेच.

नाला, कुंटा आणि नावांतील आठवण

बरकतपुऱ्याच्या शेजारून वाहणारा नाला हा या साऱ्या कहाणीचा कणा आहे. हुसेनसागर हा प्रचंड तलाव कुतुबशाही काळात, १५६० च्या दशकात बांधला गेला. कुकटपल्ली, पिकेट, बंजारा आणि बल्कापूर या चार नाल्यांचे पाणी त्यात येते. तलाव भरला की जादा पाणी एका सांडव्यातून बाहेर पडते आणि अशोकनगर, बागलिंगमपल्ली, नल्लाकुंटा, गोलनाका या वाटेने मुसी नदीला मिळते. यालाच हुसेनसागरचा सांडव्याचा नाला म्हणतात. दोन्ही काठांवर दाट वस्ती झाली, पात्र अरुंद झाले, आणि कचऱ्याने व सांडपाण्याने त्याची खोली कमी झाली. तलावातून पाणी सोडण्याची वेळ आली की या नाल्याकाठच्या सखल वस्त्यांना दर वेळी सावधानतेचा इशारा दिला जातो.

नकाशावरील नावे येथे बोलकी आहेत. तेलुगूत ‘चेरुवू’ म्हणजे मोठे तळे आणि ‘कुंटा’ म्हणजे लहान तळे. नल्लाकुंटा म्हणजे काळे तळे. जवळच नागमय्या कुंटा आहे, अंबरपेठेत बतुकम्मा कुंटा आहे. नावात कुंटा आहे, पण बहुतेक ठिकाणी तळे उरलेले नाही. पाण्याला मात्र आपले जुने ठिकाण ठाऊक असते. पाऊस कोसळला की ते तेथेच येऊन बसते. गोव्यात ज्या वाड्याच्या नावात तळे, खाजन किंवा खाडी आहे, तेथे घर घेण्यापूर्वी त्या नावाचा अर्थ जाणत्या माणसाला विचारावा. शहाणपणाची ही पहिली पायरी आहे.

आता मुख्य मुद्दा. मुंबईत भरती जे करते, तेच हैदराबादेत मुसी करते. मुसी दुथडी भरून वाहू लागली की तिला मिळणाऱ्या नाल्यांची पातळी नदीपेक्षा खाली पडते. नाल्याचे पाणी नदीत शिरू शकत नाही आणि ते उलट मागे फिरून वस्तीत चढते. एका बाजूला फुगलेली नदी, दुसऱ्या बाजूला भरलेला तलाव, मध्ये तुंबलेला नाला आणि वरून पाऊस. अशा रात्री नाल्याकाठची वस्ती शब्दशः बेट होते. फरक एवढाच की दिवाडीच्या माणसाला आपण बेटावर राहतो हे जन्मापासून ठाऊक असते. नाल्याकाठच्या माणसाला ते पाणी उंबरठ्याशी आल्यावर कळते.

पूर ओसरल्यानंतरचा धोका वेगळा. नल्लाकुंट्यातच हैदराबादचे प्रसिद्ध फीव्हर हॉस्पिटल आहे. मलेरियाच्या प्रसाराचे कोडे उलगडणारे रोनाल्ड रॉस यांचे नाव त्या रुग्णालयाला दिलेले आहे. सांडपाणी मिसळलेल्या पुरानंतर अतिसार, कावीळ, विषमज्वर आणि काही दिवसांनी साचलेल्या पाण्यातील डासांमुळे डेंग्यू, असा आजारांचा क्रम ठरलेला असतो. पुराने घेतलेले बळी मोजताना हा दुसरा हप्ता बहुधा मोजला जात नाही.

१९०८ : ज्या पुराने शहराला शहाणे केले

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेला महापूर हैदराबादच्या स्मृतीत अजून ताजा आहे. सुमारे १५,००० माणसे मृत्युमुखी पडल्याचे सांगितले जाते. अफझलगंज परिसरातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोकांनी प्राण वाचवले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जपले गेले आहे. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांनी त्या पुरात आपले कुटुंब गमावले. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान गादीवर होते.

पुढच्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत नाशिक, पुणे येथे काम केलेल्या या अभियंत्याने खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आधीच कीर्ती मिळवली होती. त्यांनी मुसीच्या पाणलोट क्षेत्राचा हिशेब मांडला. त्या क्षेत्रात ७८८ तलाव होते आणि पुराच्या वेळी त्यांपैकी २२१ फुटले होते. मुसळधार पावसाने एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळायचे, तोही फुटायचा. अशा साखळीने नदीला लोंढा आला होता.

विश्वेश्वरय्यांचा उपाय केवळ भिंती उंच करण्याचा नव्हता. शहराच्या वरच्या अंगाला मुसीवर आणि तिची उपनदी ईशीवर दोन जलाशय बांधावेत, लोंढा तेथे अडवावा आणि नंतर नदीला झेपेल तेवढेच पाणी सोडावे, असे त्यांनी सुचवले. उस्मानसागर १९२० मध्ये पूर्ण झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. त्याचबरोबर शहर सुधारणा मंडळाने नदीकाठ मोकळे केले, रस्ते रुंद केले. त्यानंतर १९०८ सारखा संहार मुसीने पुन्हा केला नाही.

या व्यवस्थेत एक पेच मात्र जन्मापासूनच होता. तेच जलाशय शहराला पिण्याचे पाणीही पुरवू लागले. पूर अडवायचा तर जलाशयात रिकामी जागा हवी, तहान भागवायची तर तो भरलेला हवा. पावसाळा संपत आला की जलाशय भरलेले असतात, आणि बंगालच्या उपसागरातील मोठे कमी दाबाचे पट्टे नेमके सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. १९०८ चा पूर सप्टेंबरच्या अखेरीस आला होता. २०२० मध्ये ऑक्टोबरात हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस दोन्ही जलाशयांतून पाणी सोडल्यावर मुसी फुगली आणि नदीपात्रालगतच्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले. प्रवाशांना रात्री तेथून सुरक्षित स्थळी हलवावे लागले. हे बसस्थानक बरकतपुऱ्यापासून काही किलोमीटरवर आहे, आणि ते नदीच्या दोन प्रवाहांमधील बेटासारख्या जागेवर उभारलेले आहे. नदीने बेट केव्हाच दाखवले होते. माणसाने त्यावर स्थानक बांधले.

जलाशयांच्या पाणलोट क्षेत्राला संरक्षण देणारा शासकीय आदेश क्रमांक १११ मार्च १९९६ मध्ये निघाला. जलाशयांभोवतीच्या दहा किलोमीटर परिसरात मोठ्या बांधकामांवर आणि प्रदूषणकारी उद्योगांवर त्याने निर्बंध घातले. एप्रिल २०२२ मध्ये ते निर्बंध उठवण्यात आले. विकासाची गरज आणि पाण्याची वाट यांतील संघर्ष कायद्याच्या कागदावर कसा उतरतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

उलट दिशेचेही एक उदाहरण याच परिसरात आहे. अंबरपेठेतील बतुकम्मा कुंटा हे तळे भराव आणि कचऱ्याखाली जवळजवळ नाहीसे झाले होते. तळी व नाले यांच्या संरक्षणासाठी २०२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हायड्रा’ या यंत्रणेने ते पुन्हा खोदले. २०२५ मध्ये त्यात पाणी आले. मूळ चौदा एकरांपैकी पाच एकरांच्या आसपासच जागा उरली होती. तळे परत आणता येते, पण संपूर्ण परत येत नाही, हे यातून दिसते.

आपली बेटे : बांध, मानस आणि पोंय

बरकतपुऱ्याचा धडा घेऊन आता आपल्या बेटांकडे परत येऊ. समुद्र आणि डोंगर दोन्ही नसताना जर केवळ पाण्याची वाट अडल्याने पूर येतो, तर जेथे समुद्र आहे, डोंगर आहे आणि चौपट पाऊसही आहे, तेथे शेकडो वर्षे शेती आणि वस्ती कशी टिकली? याचे उत्तर खाजन व्यवस्थेत आहे.

नदीकाठच्या खारट, दलदलीच्या जमिनीभोवती गोव्याच्या पूर्वजांनी चिखल, जांभा दगड आणि पेंढा यांचे बांध घातले. बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ म्हणजे पाण्याचे दार ठेवले. मानशीची लाकडी दारे अशी बसवलेली असतात की ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते आणि भरतीला नदीचेच पाणी ती दारे बंद करते. त्यासाठी वीज लागत नाही, मोटार लागत नाही. दार बंद असताना आत पडलेल्या पावसाला थांबायला जागा हवी, म्हणून मानशीच्या आतल्या बाजूला ‘पोंय’ हे साठवणीचे तळे राखलेले असते. पाऊस आणि भरती एकत्र आली तर पाणी पोंयीत थांबते आणि ओहोटी लागली की बाहेर जाते.

विश्वेश्वरय्यांनी हैदराबादेत दगडचुन्याने जे मोठ्या प्रमाणावर केले, तेच गोव्याच्या गावकरीने मातीने लहान प्रमाणावर केले होते. तत्त्व एकच : पाण्याला अडवू नये, थांबायला जागा द्यावी आणि वेळ साधून वाट करून द्यावी. हैदराबादचे कुंटे आणि आपली पोंय ही एकाच शहाणपणाची दोन नावे आहेत.

हे शहाणपण आज दोन बाजूंनी खचत आहे. बांधांची देखभाल पूर्वी कोमुनिदादी व शेतकऱ्यांच्या संघटना नेमाने करीत. शेती तोट्यात गेली, मनुष्यबळ घटले आणि बांध दुर्लक्षित राहू लागले. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि ती जमीन काही वर्षे पिकत नाही. दुसरी बाजू भरावाची. गोव्यातील खाजन क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर मानले जाते. रस्ता, घरे किंवा प्रकल्प यांसाठी त्यातला एखादा तुकडा भरला की तेथे थांबणारे पाणी शेजारच्या वाड्यात जाते. भराव टाकणाऱ्याचे अंगण उंच होते आणि शेजाऱ्याचे घर आपोआप खोलगट ठरते. पणजीत मळ्यासारख्या सखल भागांत आणि सांतिनेज खाडीच्या काठी पावसाळ्यात पाणी तुंबते. पणजी ही स्वतः तिसवाडी या जुन्या बेटाच्या कडेला वसलेली आहे, आणि शहराचे बरेच भाग दलदल भरूनच तयार झालेले आहेत.

मोठ्या पुरांचा अनुभव गोव्याला नवा नाही. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात काही तासांत अडीचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि तळपण व गालजीबाग नद्यांच्या खोऱ्यांत अचानक पूर आला. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी, डिचोली आणि फोंडा तालुक्यांत म्हादई व तिच्या उपनद्यांनी शेकडो घरांचे नुकसान केले. काणकोणचा पूरही ऑक्टोबरातला, म्हणजे लोकांनी पावसाळा संपला असे मानल्यानंतरचा होता. हैदराबादच्या १९०८ आणि २०२० च्या पुरांशी त्याचे हे साम्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

धोका कसा ओळखावा?

हवामान खाते २४ तासांतील पावसाचे वर्गीकरण ठरावीक मर्यादांनुसार करते. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार आणि २०४.५ मिलिमीटरपासून पुढे अत्यंत मुसळधार. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि तांबडा म्हणजे कृती करा. मात्र केवळ रंगावर विसंबू नये. सखल भागात राहणाऱ्यांनी चार गोष्टी एकत्र पाहाव्यात.

पहिली, तासाचा पाऊस. दिवसभरात पडलेल्या १५० मिलिमीटरपेक्षा दोन तासांत पडलेले १०० मिलिमीटर अधिक घातक असतात. दुसरी, भरतीची वेळ. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती अधिक उंच असते. त्या दिवसांतील मुसळधार पाऊस बेटांना व खाडीकाठाला दुप्पट जड जातो. तिसरी, धरणांतील आणि तलावांतील साठा. पावसाळ्याच्या शेवटी साठा भरलेला असताना आलेला पाऊस थेट नदीत उतरतो. चौथी, जमिनीची ओल. आठवडाभर पाऊस लागून राहिला असेल तर माती आणखी पाणी पीत नाही आणि पुढचा साधा पाऊसही पूर आणतो.

पाणी वाढू लागल्यावर वीजप्रवाह मुख्य बटणावरच बंद करावा. वाहत्या पाण्यातून पायी किंवा वाहनाने जाण्याचे धाडस करू नये. गुडघ्याएवढे वेगवान पाणी माणसाचे पाय उचलते आणि त्याहून थोडे अधिक पाणी मोटारगाडी वाहून नेते. कागदपत्रे, औषधे, पिण्याचे पाणी आणि विजेरी आधीच उंचावर ठेवावी. बेटावरील आजारी, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांना फेरीबोट बंद होण्यापूर्वी मुख्य भूमीवर आणावे, नंतर नव्हे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक घरातील सर्वांना, मुलांनाही, पाठ असावेत. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी शुद्ध केल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय पिऊ नये.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शहरी पूर ही नदीच्या पुराहून वेगळी आपत्ती आहे, हे त्यांत मान्य करण्यात आले. शहरात दर चार चौरस किलोमीटरमागे एक पर्जन्यमापक असावा, अशी त्यांत शिफारस आहे. कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्या आकड्यांतील अंतर पाहिले की या शिफारशीचे मोल कळते. आपल्या बेटांवरही असे पर्जन्यमापक असणे आणि त्यांचे आकडे पंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी दिसणे, ही फार मोठी मागणी नव्हे.

पाण्याची जागा

बरकतपुऱ्याच्या नाल्याकाठी राहणाऱ्या माणसाने समुद्र न पाहताही बेटावर अडकल्याचा अनुभव घेतला. त्याच्या पूर्वजांच्या काळी तेथे कुंटे होते. ते एकेक करून भरले गेले, आणि प्रत्येक भराव त्या वेळी किरकोळच वाटला होता. दिवाडी-चोडणचा शेतकरी समुद्राशेजारी राहूनही शतकानुशतके टिकला, कारण त्याने बांध राखला, मानस राखली आणि पोंय रिकामी ठेवली. पावसाचे प्रमाण आपल्या हाती नाही, आणि तापत्या हवेत ते अधिक लहरी होत जाणार आहे. पाण्यासाठी राखलेली जागा मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. यंदा पावसाळ्यापूर्वी आपल्या गावच्या मानशीची दारे नीट मिटतात का आणि पोंयीत गाळ किती साचला आहे, एवढे जरी पंचायतीने आणि शेतकरी संघटनेने मिळून पाहिले, तरी हैदराबादने मोठी किंमत मोजून घेतलेला धडा आपल्याला तुलनेने स्वस्तात पडेल.